‘अखंड साग’ म्हणून मला एमडीएफचा बोर्ड विकला

मालवणहून तारकर्लीला जाणाऱ्या रस्त्यावर, माडांच्या बागेत आमचं घर आहे. चार खोल्या पर्यटकांना देतो, जेवणखाण मी आणि सासूबाई बघतो. मे २०२१ च्या तौक्ते वादळात फाटकावरचा पत्र्याचा बोर्ड उडाला तो थेट विहिरीपाशी सापडला. त्यानंतर दोन वर्षं फ्लेक्सवर काढली. पण समुद्राकाठच्या उन्हात फ्लेक्सची अक्षरं वर्षभरात पांढरी पडतात. सासऱ्यांनी घराला दिलेलं नाव वाचता येईना, तेव्हा ठरवलं की आता एकदाच काय तो लाकडात कोरलेला बोर्ड करून घ्यायचा. त्या बोर्डात माझे ३२ हजार रुपये गेले. कसे गेले ते सविस्तर लिहिते आहे, कारण किनाऱ्यावर हल्ली प्रत्येक होमस्टेला असा बोर्ड हवा आहे आणि तोच माणूस अजूनही ऑर्डरी घेतो आहे.

२०२३ च्या श्रावणात मोबाइलवर त्याचा व्हिडिओ आला. एक म्हातारा हात, हातात गोल पटाशी, लाकडाच्या सालपटांचा ढीग. अक्षरं वर उचललेली आणि त्यांच्यामागची जमीन खोदून खाली घेतलेली. त्या जमिनीवर पटाशीचे छोटे छोटे खळगे, ओहोटीनंतर ओल्या वाळूवर उठतात ना, तसे. मला ते इतकं आवडलं की मी त्याच रात्री फोन लावला. माणूस गोड बोलणारा. सावंतवाडीच्या कारागिरांकडून काम करून घेतो म्हणाला. लाकडी खेळण्यांसाठी नावाजलेल्या सावंतवाडीचं नाव घेतल्यावर आपण आणखी काही विचारत नाही. लहानपणी तिथल्या चितारआळीतून आणलेली लाकडी फळं आमच्या शोकेसमध्ये अजून आहेत, त्यामुळे मनात शंका यायला जागाच नव्हती.

त्याचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात. “ताई, चार बाय अडीच फूट, दोन इंच जाड, अखंड सागाची फळी. जोड एकही नाही. मागचं टेक्श्चर पूर्ण हाताचं.” १६ हजार ॲडव्हान्स, उरलेले बोर्ड लागल्यावर. काम चालू असताना लाकडाचे फोटो पाठवायला सांगितले होते. त्याने दोन फोटो पाठवलेही. पण त्यात फक्त फळीचा कोपरा दिसत होता, अक्षरं कुठेच नव्हती. ते माझ्या बोर्डाचे नव्हतेच, हे आता कळतं.

दिवाळीच्या आठ दिवस आधी, तिन्हीसांजेला टेम्पो आला. घरात आठ पाहुणे, ओट्यावर सोलकढीसाठी काढलेला नारळाचा रस, बाहेर अंधार पडत चाललेला. दोन मुलांनी प्लास्टिकच्या गुंडाळीतून बोर्ड काढला आणि फाटकाच्या खांबावर स्क्रूने आवळला. गडद तपकिरी जमीन, पिवळी अक्षरं, कोपऱ्यात कमळ. उचलताना दोघांची दमछाक झाली होती, त्यावरूनही मला वाटलं की एवढं जड आहे म्हणजे सागच. उरलेले १६ हजार मी तिथेच उभ्या उभ्या पाठवले. बिलावर लिहिलं होतं, ‘डेकोरेटिव्ह बोर्ड, १ नग’. साग हा शब्द त्या कागदावर कुठेही नव्हता आणि तो मी तेव्हा नीट वाचला नाही.

वजनाचं आधी सांगते, कारण माझ्यासारखीच समजूत पुष्कळांची असते. वाळलेला साग घनफुटाला साधारण १८ किलो भरतो. माझ्या मापाचा बोर्ड पावणेदोन घनफुटाच्या आतबाहेर, म्हणजे खरा असता तर तीसेक किलो. एमडीएफ लाकडाचे बारीक तंतू आणि चिकटद्रव्य दाबून बनवतात, ते सागाहून हलकं नसतं, बहुतेक वेळा थोडं जडच असतं. तेव्हा उचलून बघून काहीही सिद्ध होत नाही.

पुढचे सहा महिने बोर्ड छान दिसला. येणारा प्रत्येक जण त्याच्यासमोर उभा राहून फोटो काढायचा. सासूबाई रोज सकाळी फडक्याने पुसायच्या.

मग जून २०२४ चा पाऊस लागला. पंधरा दिवसांत खालची कड जाड दिसायला लागली. मला वाटलं, रंग सुटतोय. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पहिल्या अक्षराचा काना अंगठ्याने दाबला तर अंगठा आत गेला. चहात बुडवलेला टोस्ट हाताला लागतो तसा. रंगाचा पापुद्रा सोलला तर खाली लाकडाची रेषा नाही, तंतू नाही, नुसता ओला भुसा. खालच्या कडेला तीन थर एकमेकांपासून सुटून पुस्तकाच्या पानांसारखे उघडले होते. १८ मिलिमीटरच्या तीन शीट एकावर एक चिकटवून दोन इंचांची जाडी केली होती आणि कडा पुट्टी भरून, घासून, रंगवून बंद केल्या होत्या. सोनेरी स्क्रू पितळेचे नव्हतेच. लोखंडी स्क्रूंना सोनेरी रंग दिला होता, खाऱ्या वाऱ्याने त्यांचा गंज खांबावर ओघळला होता. सासूबाई तो काना हातात घेऊन पायरीवर बसून राहिल्या. नाव त्यांच्या नवऱ्याने ठेवलेलं होतं.

त्या दिवशी गावातले मेस्त्रीकाका कौलं चाळायला आले होते. त्यांनी बोर्ड लांबूनच बघितला आणि विचारलं, “बाये, अडीच फूट रुंद सागाची फळी, जोडाशिवाय? खंयच्या झाडाची?” मी गप्प. ते जवळ आले, खळग्यांवरून बोट फिरवत म्हणाले, “ह्या हाताचा काम न्हय. बघ, हे तीन खळगे हंयसर आसत. थंयसर पुन्ना तेच.”

मी वाकून बघितलं. एक मोठा खळगा, त्याच्या डाव्या अंगाला एक अर्धा कापलेला, खाली एक लांबट. वीतभर अंतरावर तेच तीन, त्याच क्रमाने. पुन्हा वीतभर पुढे तेच. अख्खा बोर्ड त्या एकाच तुकड्याचे ठसे मारल्यासारखा होता. कॉम्प्युटरवर एक चौकोन काढून तो मशीनने पुन्हा पुन्हा कोरला होता. आठ महिने मी त्या फाटकातून रोज ये-जा केली आणि मला ते दिसलं नव्हतं.

फसवणुकीचं मर्म माझ्या मते इथेच आहे. गुळगुळीत एमडीएफवर नुसता रंग मारला असता तर कपाटाच्या दारासारखा दिसला असता, मी लगेच ओळखलं असतं. पण खडबडीत जमीन दिसली की तिथे कुणाचा तरी हात फिरला आहे, असं आपण धरून चालतो. आणि हात फिरला म्हणजे लाकूड असणारच, हेही त्यासोबत गृहीत धरतो. टेक्श्चरने हे दोन्ही खोटे एकदम झाकले आणि वर जाड रंग बसला.

मशीनवर कोरलेल्या बोर्डाबद्दल माझी तक्रार नाही, हे स्पष्ट लिहिते. खऱ्या सागावर राऊटर, म्हणजे लाकूड कोरायचं मशीन, चालवून सुंदर बोर्ड होतात आणि ते स्वस्तही पडतात. एमडीएफसुद्धा घरात, कोरड्या भिंतीवर चांगलं टिकतं. पण त्याला एमडीएफ म्हणून विका, एमडीएफचे पैसे घ्या, आणि कोकणच्या पावसात बाहेर टांगू नका असं सांगा.

मी फोन केला तेव्हा तो म्हणाला, “कोकणात लाकूड फुगतंच ताई, तुम्ही मेंटेनन्स केला नाही.” मी म्हटलं, हे लाकूडच नाही. त्याने फोन ठेवला आणि त्यानंतर कधी उचलला नाही. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवली. बिलावरच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली, ती परत आली. कुडाळला कामासाठी गेले तेव्हा स्वतः त्या पत्त्यावर जाऊन आले, तिथे बंद गाळा आहे आणि शेजारच्या दुकानदाराला असा कुणी माणूस माहीत नाही. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला, पोच घेतली. ग्राहक आयोगात घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. सिंधुदुर्गनगरीला जाऊन मी कागद दाखवले. पहिला प्रश्न आला, समोरच्याचा खरा पत्ता काय? दुसरा, साग द्यायचं ठरलं होतं याला लेखी काय? व्हॉट्सॲपवरच्या त्याच्या एका मेसेजमध्ये ‘प्युअर टीक’ असं आहे, तेवढाच माझ्या हातात आधार आहे. बाकी सगळं तो फोनवरच बोलला होता. पैसे आजपर्यंत परत आलेले नाहीत.

म्हणून कुणी बोर्ड करून घेणार असेल तर माझं कळकळीचं सांगणं आहे, रंग लागायच्या आधी बोर्ड डोळ्यांनी बघा. जाणं जमत नसेल तर व्हिडिओ कॉल लावायला सांगा आणि कोरलेल्या अक्षरांसकट न रंगवलेली फळी, तिची मागची बाजू आणि चारही कडा दाखवायला सांगा. एवढ्या रुंदीत जोड असतातच, ते मागे दिसले पाहिजेत. जोड असणं हा दोष नाही. कडेला आडव्या कापलेल्या तोंडावर झाडाच्या वाढीच्या वळ्या दिसतात, एमडीएफची कड सगळीकडे सारखीच पिठूळ असते. बिलावर लाकडाचं नाव, जाडी आणि स्क्रू कशाचे हे लिहून घ्या. साग म्हणून सालीलगतचं पांढरट लाकूड दिलं तरी फसाल, कारण वाळवीला दाद न देण्याचा सागाचा गुण त्याच्या गाभ्यात असतो. उरलेले पैसे उजेडात, सावकाश बघून झाल्यावरच द्या. माल नेमका अंधार पडताना पोचवणं ही त्यांची रीत असावी. देवबागच्या एका ओळखीच्या वहिनींनाही बोर्ड संध्याकाळीच आला होता.

नवा बोर्ड आता मेस्त्रीकाकांनी केला आहे. शेजारच्या जुन्या घराची सागाची तुळई मोडीत निघाली होती, तिच्या फळ्या काढल्या, तीन फळ्या जोडल्या. मी पडवीत बसून बघत होते. अक्षरांच्या कडेने आधी उभी पटाशी ठोकत नेली, मग मागची जमीन अर्धा इंच खाली घेतली आणि त्यानंतर चार दिवस एकेक खळगा. सगळे उभे, वरून खाली. आडवे घेतले तर प्रत्येकात पावसाचं पाणी थांबतं आणि रंग तिथूनच सुटायला लागतो, म्हणाले. कापलेल्या तोंडांना तीन वेळा तेल पाजलं, मागच्या बाजूलाही पुढच्याइतकेच हात दिले, नाहीतर फळी वाकते. खांब आणि बोर्ड यांच्यात बोटभर फट ठेवली, वारा खेळायला. सांगितलेल्या दिवसापेक्षा दीड महिना उशीर झाला आणि २४ हजार घेतले. त्यांना मी ३२ दिले असते, त्यांनी घेतले नाहीत.

जुन्या बोर्डाचा कमळाकडचा कोपरा मी टाकलेला नाही. पडवीत खुंटीला टांगून ठेवला आहे. गेल्या आठवड्यात वेंगुर्ल्याची माझी मैत्रीण आली होती, तिला समुद्राकडच्या दोन खोल्या सुरू करायच्या आहेत. बोर्ड ठरवलाय म्हणून कौतुकाने मोबाइलवर डिझाइन दाखवायला लागली. नाव दुसरं, फोन नंबर दुसरा. मी फोटो बोटांनी मोठा केला. एक मोठा खळगा, डाव्या अंगाला अर्धा कापलेला, खाली एक लांबट. मी तो कोपरा खुंटीवरून काढून तिच्या मांडीवर ठेवला. ॲडव्हान्स ती दुसऱ्या दिवशी पाठवणार होती.