देऊळ पाषाणाचं की स्लॅबचं?

गावच्या देवळाचा जीर्णोद्धार निघाला की बैठकीत पहिलं वाक्य ठरलेलं: 'काम मजबूत झालं पाहिजे.' मजबूत म्हणजे भार पेलणारं. टिकाऊ म्हणजे ऊन-पाऊस सोसणारं. या दोन गोष्टींची गल्लत झाली की पैसे भलतीकडे जातात.

आरसीसी, म्हणजे सळई घातलेलं काँक्रीट, भाराला पक्कं. आमच्या सभामंडपात मधे एकही खांब नाही, कीर्तनाला शेवटच्या रांगेतूनही बुवा दिसतात. दगडी तुळईला हे जमत नाही. दगड दाबाला वाघ, पण ताणाला कच्चा, म्हणून जुन्या मंडपांत खांब जवळजवळ असतात. सिन्नरचा गोंदेश्वर बघून या. पण सळईवर काँक्रीटचं कव्हर कमी पडलं की ओल शिरते, सळई गंजून फुगते आणि पोपडे सुटतात. आमच्याकडे विसाव्या वर्षीच सुटले, एक तर थेट नैवेद्याच्या ताटात! ठेकेदाराने कव्हर ब्लॉकच, म्हणजे सळई साच्यापासून उचलून धरणारे ठोकळे, ठेवले नव्हते.

पाषाणात गंजायला काही नाही. नाशिकची पांडवलेणी सुमारे २००० वर्षं उभी आहेत. तरी 'काळा दगड' एवढ्यावर भुलू नका. नाशिकचंच सुंदरनारायण मंदिर १७५६चं, काळाराम त्यानंतर काही दशकांनी झालेलं, दोन्ही काळ्या पाषाणाचीच. काळाराम ठणठणीत आहे. सुंदरनारायणाचे दगड मात्र इतके झिजले की पुरातत्त्व विभागाला काम हाती घ्यावं लागलं. खाणीवर पाथरवटाला सोबत न्या. तो हातोडीने ठोकतो: टण्ण वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर आत चीर आहे. पांढरे ठिपके दाट असतील तर बाहेरच्या बाजूला तो दगड नको. ती लाव्ह्यातल्या वायूच्या पोकळ्यांत भरलेली खनिजं, ती सुटली की दगडाला भोकं पडतात. दगडांमधल्या दरजा, म्हणजे फटी, चुन्यातच भरा. सिमेंटमुळे ओल अडते, मग दगडाच्याच कडा सोलतात.

राजस्थानी गुलाबी दगडात कोरीवकाम झटपट होतं. हौस असेल तर घ्या, मला तो इथे परकाच वाटतो.

मूर्ती संगमरवरी नको. रोजच्या पंचामृतातलं दही तिची झिलई खातं. काळ्या पाषाणाला त्याचं काही नाही.

माझं मत विचाराल तर गाभारा-शिखर पाषाणात, सभामंडप आरसीसीत. दोघांच्या मधे सांधा, म्हणजे मोकळी फट, सोडा, कारण दोन्ही बांधकामं सारखी खचत नाहीत. आणि सांध्यावर पन्हळ बसवायला विसरू नका, पहिल्या पावसात पाणी तिथूनच गळतं.