डुकराच्या पिल्लांना वरचं दूध: गाईचं बाटलीने की पावडर ट्रेमध्ये?

मादीला दूध कमी आहे, वरचं द्यायला लागणार, एवढं कळलं की पुढचा प्रश्न हाच: दारातल्या गाईचं द्यायचं का मिल्क रिप्लेसर (आईच्या दुधाऐवजी पाण्यात कालवून द्यायची दुधाची पावडर) आणायचं. माझं दोन्ही करून झालंय म्हणून लिहितोय, बाकी प्रत्येकाचं शेड वेगळं, मादी वेगळी, तेवढं समजून घ्या. (मागेपुढे एखाद-दोन दिवसांत दुसरी मादी व्यायली असेल तर आधी तिच्याखाली लावून बघा, फुकटात काम होतं.) चिकाचं बोलतच नाही, पहिल्या २४ तासांत आईचाच चीक पोटात गेला पाहिजे.

गाईचं दूध हाताशी असतं, लागेल तेवढंच घेता येतं, दोन-तीन बारक्या पिल्लांसाठी पावडरची अख्खी बॅग फोडायची जिवावर येतं, त्यात पावसाळ्यात तोंड नीट बांधलं नाही की खडे झालेच म्हणून समजा. पण ते पातळ पडतं. डुकरिणीच्या दुधाला फॅट ७-८ टक्के, गाईच्या साडेतीन-चार, आणि वर काहीजण पचायला हलकं म्हणून पाणी घालतात! म्हशीचं त्यामानाने जवळ जातं, पण डेअरीचा दर बघता ते पिल्लांना घालायला आमच्या घरातून परवानगी नाही.

माझा खरा वैताग मात्र बाटलीचा. पिल्लू उचललं की ते किंचाळतं, ते ऐकून मादी धडपडत उठते, आणि परत बसताना खाली कोण आहे हे ती बघत नाही. बरं, बाजूला नेऊन पाजावं तर दुसरीच भानगड. मादी साधारण तासाला एकदा पान्हा सोडते, तोही जेमतेम १५-२० सेकंद, प्रत्येकाचा सड ठरलेला, आणि नेमकं तेव्हा आपलं बारकं बाटलीला लागलेलं असलं की शेजारचं दांडगं त्याचा सड बळकावतं. सड गेला की ते पिल्लू कायमचं तुमच्या गळ्यात. बाटलीचं पोट भरून झोपलेलं पिल्लू पान्ह्याला उठतही नाही, हे वेगळंच.

ट्रेमध्ये हे होत नाही, पिल्लं आपापली येतात, पितात, आईकडे जातात. सुरुवातीला बोट बुडवून चाटवावं लागतं, एक शिकलं की बाकीची बघून शिकतात. ट्रे उथळ आणि जड घ्या, नाहीतर उलटवून त्यातच लोळतात. ट्रेत गाईचं ठेवलं तर उन्हाळ्यात दुपारपर्यंत नासतं आणि मग हगवण. काही पावडरींत आम्ल घातलेलं असतं ती जरा जास्त टिकते, तरी उरलेलं ओतून ट्रे घासावाच लागतो. दुकानदार वासरांची पावडर पुढे करेल, पिल्लांची मागून घ्या. आधी थोड्या कोमट पाण्यात घोळवून मग बाकीचं पाणी घाला, गुठळ्या होत नाहीत.

मादीच दगावली असेल आणि एखादंच पिल्लू उरलं असेल तर बाटली ठीक आहे, तिथे सडाचा प्रश्नच नाही. वेत मोठं असेल तर मी तरी बॅगच आणतो, महाग पडली तरी. आणि काहीही पाजा, तिसऱ्या दिवसाचं लोहाचं इंजेक्शन चुकवू नका.