रेनकव्हरचा कप्पा होता, रेनकव्हर नव्हतं

दोन हजारांच्या आतली कॅमेरा सॅक ऑनलाइन घेणार असाल, तर पैसे भरण्याआधी हे वाचा. मला ज्या सॅकने गंडा घातला, तेच फोटो आणि तेच वर्णन आजही निरनिराळ्या नावांखाली दिसतंय.

जाहिरातीत लिहिलं होतं : वॉटरप्रूफ, जाड फोमचे कप्पे, सोबत रेनकव्हर. ७,९९९ रुपये खोडून १,८९९. घरी आलेल्या सॅकच्या तळाला रेनकव्हरचा कप्पा शिवलेला होता, त्याला चेनही होती, आत मात्र काहीच नाही. विक्रेत्याला कळवलं. 'पाठवतो, कुरिअरला दिलंय' असं करत त्याने परतीची मुदत उलटू दिली आणि मग उत्तर देणंच बंद केलं. परत पाठवायची असेल तर त्याच दिवशी अर्ज टाका, आश्वासनावर थांबू नका.

पुढे ताम्हिणीत पावसाने गाठलं. घरी येऊन तळाचं अस्तर उसवलं तर जाड फोमच्या जागी पुठ्ठा निघाला, वर स्पंजचा पापुद्रा. पुठ्ठा भिजून फुगला होता, बोट लावलं की लगदा हाताला येत होता. त्यावरच माझी लेन्स टेकलेली होती. ओल आत गेली आणि पुढे काचेवर बुरशीचे धागे दिसायला लागले. कित्येक महिने पैसे साठवून घेतलेली लेन्स होती ती.

कापडाला आतून लेप असला तरी सुईच्या प्रत्येक भोकातून आणि चेनमधून पाणी शिरतं. शिवणी आतून पट्टीने बंद केलेल्या नसतील, तर 'वॉटरप्रूफ' हा शब्द खोटा समजा. या किमतीत रेनकव्हर लागणारच, आणि पावसात बॉडी व लेन्स वेगवेगळ्या प्लॅस्टिक पिशव्यांत, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवायच्या.

शक्यतो दुकानात जाऊन घ्या. तळ दोन्ही बाजूंनी अंगठा आणि बोटाने दाबून बघा. कडक लागून कुरकुरला तर आत पुठ्ठा आहे, चांगला फोम दबतो आणि लगेच वर येतो. पट्टा जिथे सॅकला जोडलाय तिथली शिवण ओढून बघा, सगळं वजन तिच्यावरच असतं. तुमचा कॅमेरा घेऊन जा आणि तिथेच भरून बघा. जड लेन्स पाठीलगत बसली पाहिजे, कप्प्यांच्या भिंती वजनाने कलंडता कामा नयेत.

लेबलही वाचा. छापील किंमत, बनवणाऱ्याचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, आयात माल असेल तर मूळ देश, तक्रारीचा नंबर हे सगळं त्यावर असावं लागतं. माझ्या सॅकवर नुसता एक चकचकीत लोगो होता.

'मुदत संपली' म्हणून कुणी हात वर केले तर ऐकून घेऊ नका. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार, जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) जाहिरातीचे स्क्रीनशॉट, बिल आणि उसवलेल्या तळाचे फोटो देऊन तक्रार केली, तेव्हा कुठे सॅकचे पैसे परत आले. लेन्सच्या नुकसानीबद्दल अजून कुणी बोलायला तयार नाही. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार आहे. तिथे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही.