ओस्तिया आंतिका: रोमपासून अर्ध्या दिवसाची मार्गदर्शित सहल

रोमला जाणाऱ्या बहुतेक प्रवाशांच्या यादीत कलोसियम आणि फोरम ही ठिकाणे ठरलेली असतात आणि हाताशी आणखी एखादा दिवस असला, तर तो सुमारे २४० किलोमीटरवरच्या पॉम्पेईसाठी राखून ठेवला जातो. टायबर नदीच्या जुन्या मुखाशी वसलेले ओस्तिया आंतिका हे रोमचे प्राचीन बंदर मात्र शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवर असूनही मागेच राहते. सकाळी निघून दुपारपर्यंत परत आणणारी तिथली मार्गदर्शित सहल आम्ही घेतली. तिच्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटते, कारण प्राचीन रोमची सामान्य माणसे कशा घरांत राहत आणि कोणत्या व्यवसायांवर जगत, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारी दुसरी जागा मी पाहिलेली नाही.

प्रवास अगदी सोपा आहे. पिरामिदे मेट्रो स्थानकाला लागूनच पोर्ता सान पाओलो हे रेल्वे स्थानक आहे. तिथून निघणारी लोकल अर्ध्या तासात ओस्तिया आंतिकाला पोहोचते आणि रोम शहराचे साधे तिकीट तिच्यात चालते. मार्गदर्शक बाई गटाला पोर्ता सान पाओलो स्थानकावरच भेटल्या. सहलीच्या शुल्कात अवशेषांचे प्रवेशशुल्क धरलेले नव्हते आणि ही गोष्ट नोंदणी करताना पुरेशी ठळकपणे सांगितली गेली नव्हती, तेव्हा पैसे भरण्यापूर्वी ती विचारून घ्यावी.

गाडीतच बाईंनी पॉम्पेई आणि ओस्तिया यांतला फरक समजावून सांगितला आणि पुढच्या तीन तासांत त्या समजुतीचा वारंवार उपयोग झाला. पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली एकाएकी गाडले गेले, तर ओस्तिया हळूहळू ओस पडले. नदीच्या गाळाने बंदर निकामी होत गेले, सम्राट क्लॉडियस आणि त्यानंतर ट्राजन यांनी थोड्या उत्तरेला नवी बंदरे बांधली आणि पुढे साम्राज्यच दुबळे झाल्यावर वस्ती उठली. समुद्र आज काही किलोमीटर दूर सरकला आहे आणि १५५७ च्या महापुरानंतर नदीनेही पात्र बदलले आहे. म्हणून इथे एका क्षणी थबकलेले शहर दिसत नाही. पिढ्यान्‌पिढ्या पाडलेले, वाढवलेले आणि डागडुजी केलेले शहर दिसते.

पोर्ता रोमाना या वेशीतून आत शिरल्यावर देकुमानुस माक्सिमुस हा फरसबंदीचा मुख्य रस्ता सरळ पुढे जातो. इथे आमच्या मार्गदर्शक बाईंचे खरे कौशल्य दिसले. मोठ्या इमारतींकडे घाईने नेण्याऐवजी त्यांनी आम्हाला एका साध्या दुकानाच्या उंबरठ्यापाशी खाली बसायला लावले. दगडी उंबरठ्यात एक लांब खोबण होती, ती टोकाला पोहोचण्यापूर्वीच थांबत होती आणि उरलेल्या भागात एक वाटोळी खाच होती. रात्री दुकान बंद करताना लाकडी फळ्या या खोबणीत एकापाठोपाठ एक सरकवीत आणि शेवटी त्या खाचेत फिरणारे अरुंद दार लावून घेत. एवढे एकदा कळल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानेच दुकाने दिसू लागली. त्याआधी त्या केवळ पडक्या भिंती होत्या. विटांचेही तसेच. अनेक विटांवर शिक्के असतात आणि त्यांतल्या काहींवर त्या वर्षीच्या कॉन्सलांची, म्हणजे वर्षभरासाठी नेमलेल्या सर्वोच्च रोमन अधिकाऱ्यांची, नावे असल्यामुळे बांधकामाचा काळ ठरवता येतो. इसवी सन १२३ चे शिक्के तर रोम आणि परिसरात विपुल सापडतात.

नेपच्यूनच्या स्नानगृहातले चार सागरी घोडे हाकणाऱ्या देवाचे काळ्या-पांढऱ्या दगडी तुकड्यांचे मोझेक उंच ओट्यावरून पाहता येते आणि ते भव्य आहे यात शंका नाही. मला मात्र त्याहून मोलाचा वाटला तो नाट्यगृहामागचा व्यापारी पेढ्यांचा चौक. चारी अंगांनी नव्हे, तर तीन अंगांनी ओवऱ्या असलेल्या या चौकात साठेक छोटे गाळे आहेत आणि त्यांच्यासमोरच्या जमिनीवर त्या त्या पेढीची ओळख मोझेकमध्ये चितारलेली आहे. साब्राथाच्या, म्हणजे आजच्या लिबियातल्या व्यापाऱ्यांच्या गाळ्यासमोर हत्ती आहे. इतरत्र शिडाची जहाजे, दीपस्तंभ, डॉल्फिन आणि धान्य मोजण्याची मापे आहेत. कार्थेज, सार्डिनियातले काग्लियारी आणि फ्रान्समधले नार्बोन यांची नावेही वाचता येतात. रोमचे धान्य उत्तर आफ्रिका आणि इजिप्तमधून येत असे, मोठ्या जहाजांतून ते उतरवून लहान होड्यांत भरले जाई आणि त्या होड्या नदीच्या प्रवाहाविरुद्ध ओढत शहरापर्यंत नेल्या जात. हे सगळे त्या फरशीवर उभे राहून ऐकताना एका अवाढव्य शहराचे पोट कसे भरत होते, याची नेमकी कल्पना येते. बाईंनी इथे भरपूर वेळ दिला, प्रश्नांची उत्तरे न कंटाळता दिली आणि जे अनुमान आहे ते अनुमान म्हणूनच सांगितले. सहलीचे निम्मे शुल्क इथेच वसूल झाले.

त्यानंतरची बेकरीही चांगली समजावली. बसाल्ट दगडाची, माणसाच्या कमरेहून उंच जाती तिथे जागेवर उभी आहेत आणि त्यांच्याभोवती जनावरे फिरत असल्यामुळे खालची जमीनही रस्त्यासारखीच कठीण फरसबंदीची केलेली आहे. जवळच्या खाणावळीत संगमरवरी ओटा आणि भिंतीवर खाद्यपदार्थांचे चित्र अजून टिकून आहे. शेजारच्या बहुमजली विटांच्या इमारतींमध्ये भाड्याने राहणाऱ्यांची बिऱ्हाडे असत. रोम शहरातल्या अशा इमारती जवळजवळ सगळ्या नाहीशा झाल्या, म्हणून तिथले गर्दीचे जीवन समजून घ्यायला ओस्तियालाच यावे लागते.

तक्रार आहे ती शेवटच्या भागाबद्दल. फोरम, म्हणजे शहराचा मुख्य चौक, आणि सम्राट हेड्रियनच्या काळातले कापितोलियम हे उंच मंदिर दहा मिनिटांत उरकले गेले, सार्वजनिक शौचालयातली दगडी आसने पाहून सगळे हसले आणि तिथेच सहल संपली. पश्चिमेकडचा अर्धा भाग आम्हाला दाखवलाच नाही. त्या टोकाला, १९६१ मध्ये फ्युमिचिनो विमानतळाच्या रस्त्याचे काम चालू असताना सापडलेले सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, आहे आणि युरोपातल्या सर्वांत जुन्या ज्ञात सिनेगॉगमध्ये त्याची गणना होते. कार्यक्रमपत्रिकेत ‘संपूर्ण प्राचीन शहर’ असे छापणाऱ्या आयोजकांनी एवढे अंतर वगळणे योग्य नाही. यावर उपाय एकच: परतीची घाई न करता गटाचा निरोप घ्यावा आणि उरलेला भाग आपला आपण पाहावा. प्रवेशाचे तिकीट तेच चालते, लोकल वारंवार असते आणि उंबरठे, विटा नि मोझेक कसे वाचायचे हे तोवर शिकून झालेले असते.

इतिहासाची आवड असलेल्यांनी, विशेषतः पॉम्पेईला जाणे शक्य नसलेल्यांनी, ही सहल जरूर घ्यावी. केवळ छायाचित्रे काढायची असतील, तर मार्गदर्शकाचा खर्च करण्याची गरज नाही. रस्त्यांवरचे प्राचीन दगड उंचसखल आहेत, त्यामुळे गुडघेदुखी असलेल्यांना चालणे जड जाते आणि चाकाच्या खुर्चीला तर बरेच कोपरे दुर्गम आहेत. सावली फारच कमी असल्यामुळे उन्हाळ्यात सकाळचीच वेळ घ्यावी. सोमवारी अवशेष बंद असतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश विनामूल्य असतो, पण त्या गर्दीत उंबरठ्यापाशी बसून निवांत काही पाहणे कठीण आहे.