10/30 मॅगझिन, चौदा महिन्यांनंतर: अकरावं डमी आत गेलं

दर महिन्याच्या एक तारखेला मी टेबलावर जुना टॉवेल अंथरतो आणि माझ्या रायफलची तिन्ही 10/30 मॅगझिन, म्हणजे तिसाच्या लांबीच्या पण आत ठोकळा बसवून दहावर अडवलेल्या काडतुसांच्या पेट्या, लाल प्लास्टिकच्या डमी काडतुसांनी भरून बघतो. दहा बसली पाहिजेत, अकरावं अडलं पाहिजे. तेरा महिने तसंच होत होतं. या एक तारखेला मधल्या मॅगझिनमध्ये दहावं डमी नेहमीपेक्षा सहज गेलं. अकरावं ठेवून अंगठ्याने दाबलं, तर तेही खाली सरकलं आणि कडांच्या आत जाऊन बसलं. बाहेर काढलं, हलवून बघितलं. आत काहीतरी खुळखुळत होतं. मर्यादेसाठी बसवलेला ठोकळा तळापासून सुटला होता.

इथे न्यू जर्सीत याचा अर्थ काय होतो, हे रायफल वापरणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. 1990 पासून एका मॅगझिनमध्ये पंधरा काडतुसांची मर्यादा होती. 2018 च्या कायद्याने ती दहावर आली, आणि ज्यांच्याकडे पंधराची होती त्यांना 10 डिसेंबर 2018 पर्यंत ती कायमची बदलून घ्या, निकामी करा, नाहीतर देऊन टाका असं सांगितलं गेलं. मर्यादेपेक्षा मोठं मॅगझिन जवळ असणं हा चौथ्या श्रेणीचा गुन्हा आहे. त्याला अठरा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. जुलै 2024 च्या निकालात इथल्या फेडरल न्यायाधीशांनी एआर-15 रायफलवरच्या बंदीला धक्का दिला, पण दहाची मर्यादा तशीच ठेवली. मी ग्रीन कार्डवर आहे. या बाबतीत "चालतंय की" म्हणून सोडून देणं मला परवडणारं नाही.

आता आधीपासून सांगतो. रायफल नेहमीची न्यू जर्सीवाली, फिक्स्ड स्टॉकची (दस्ता मागेपुढे न सरकणारा) आणि नळीच्या टोकाला पिनने पक्का केलेला ब्रेक (धक्का कमी करणारा भाग) असलेली. महिन्यातून दोनदा रेंजवर जातो, एका वेळी शंभरेक राउंड होतात. 10/30 घेतलं ते पकडीसाठी. दहाचं आखूड मॅगझिन रायफलमध्ये घातलं की खाली दोन बोटं बाहेर राहतं, आणि थंडीत हातमोजे घालून ते ओढून काढताना माझी चिडचिड व्हायची. तिसाच्या लांबीचं, आतून दहावर अडवलेलं मॅगझिन हातात नीट येतं आणि नेहमीच्या पाऊचमध्येही बसतं. चोवीस डॉलरला एक, म्हणून तीन घेतली, बहात्तर डॉलर.

पहिले सहा महिने मी खूश होतो. एकदाही राउंड अडकला नाही. त्याच सुमारास लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

खटकायची एकच गोष्ट, पण ती प्रत्येक वेळी खटकायची. बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा भाग) बंद असताना दहा भरलेलं मॅगझिन बसतच नाही. वरच्या काडतुसाला जरासं खाली दबायला जागा लागते. इथे फॉलोअर, म्हणजे काडतुसांना खालून वर ढकलणारा तुकडा, थेट ठोकळ्यावर टेकलेला असतो, त्यामुळे तळहाताने दणका दिला तरच कट्ट होतं, आणि कधी कधी तेव्हाही नाही. रेंजवर बोल्ट मागेच अडकवलेला असतो, म्हणून रोज नडत नाही, हे खरं. पण दहाचे पैसे मोजायचे आणि नऊच भरायचे, हे माझ्या मनाला पटत नाही. पुढे लक्षात आलं की यात बनवणाऱ्याचाही नाइलाज आहे. दबायला जास्त जागा ठेवली तर अकरावं आत जाईल. म्हणून ही तक्रार मी मागे घेतली होती. आता वाटतं, तो घट्टपणा हीच त्या मॅगझिनची एकमेव चांगली खूण होती. दहावं सहज गेलं तेव्हाच मला शंका आली.

दुसरी तक्रार मागे घेत नाही. बेसप्लेट, म्हणजे तळाचं झाकण, चिकटवलेली, त्यामुळे मॅगझिन उघडून साफ करता येत नाही. तीन हजारांच्या आसपास राउंडनंतर आत काजळी आणि रेंजवरची बारीक माती साचली. मी स्टीलचा डबासुद्धा झाकणाची रबर रिंग काढून धुणारा माणूस. वरून हवेचा फवारा मारून "झालं साफ" म्हणणं मला जमत नाही. ठोकळ्याच्या आजूबाजूला काय चाललंय ते दिसतही नव्हतं. गोंद कधी सुटला, सांगता येणार नाही. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत तापून सुटला असावा, असा माझा अंदाज.

त्या रात्री बायको म्हणाली, "अरे, चोवीस डॉलर गेले तर गेले, पण ही वस्तू सकाळपर्यंत घरात नको." गॅरेजमध्ये जाऊन हॅक्सॉने वरच्या कडा कापल्या, मग मधोमध दोन तुकडे केले. आधी आणि नंतर फोटो काढले, तारखेसकट.

कंपनीचं नाव लिहीत नाही, पण त्यांचं उत्तर वाचून डोकं फिरलं. "मॅगझिन आमच्याकडे पाठवा, तपासून बदली देऊ." मी लिहिलं, अकरा घेणारं मॅगझिन मी टपालात टाकणार नाही, ते नष्ट केलंय, तुकड्यांचे फोटो घ्या. पुन्हा तेच उत्तर. चार मेल झाल्या. शेवटी, तुकडे केलेल्या मालावर वॉरंटी लागू नाही! म्हणजे कायदा पाळला म्हणून बदली नाही. पैसे माझे गेले, पण खोक्यावर "न्यू जर्सीत चालतं" असं छापलं होतं तुम्हीच. गोंद तुमचा, आणि पोलिसांना उत्तर मी द्यायचं?

पेनसिल्व्हेनियात राहणारा माझा मावसभाऊ सरळ तिसाची वापरतो. तिथे मर्यादाच नाही. डेलावेअर नदीचा पूल ओलांडला की कायदा बदलतो. डेलावेअर राज्यात सतरा, कोलोरॅडोत पंधरा, आणि मी दहावर. तो म्हणतो, "दादा, तुझी ती माझ्या घरी ठेव." मोह होतो, पण न्यू जर्सीत परत येताना एक जरी चुकून बॅगेत राहिलं तर? नको.

सध्या मॅगपुल कंपनीची दहाचीच बनवलेली आखूड पीमॅग मॅगझिन वापरतोय, पंधरा डॉलरच्या आसपास एक. अंगच दहापुरतं आहे, त्यामुळे आत सुटायला काही नाही. बेसप्लेट काढून ब्रशने घासता येते. पकडीची जुनी अडचण तशीच आहे, आणि थंडीत मी अजूनही वैतागतो.

लांबच हवं असेल, तर दुकानात बेसप्लेटकडे बघा. रिव्हेट मारलेली असेल तरच घ्या, नुसती चिकटवलेली असेल तर परत ठेवा. माझी उरलेली दोन चिकटवलेलीच आहेत. डमी लावून बघितलं, अकरावं दोन्हीत अडतं. पण आता मी एक तारखेची वाट बघत नाही. रेंजवर निघायच्या आदल्या रात्री टॉवेल अंथरला जातो. पुढच्या पगाराला आणखी दोन आखूड घेतली की हीसुद्धा हॅक्सॉखाली जातील.