पूरपट्ट्याचा डेटा: घरच्या डिस्कवर की सर्व्हरवर?

बडोद्याच्या दांडिया बाजारात घरचा डेस्कटॉप, ऑफिसात लॅपटॉप, आणि काम एकच: विश्वामित्री नदीच्या काठच्या पूरपट्ट्याचे नकाशे. आधी सगळा डेटा दोन्हीकडे ठेवायचो. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर झपाझप चालायचं, नेट गेलं तरी काम अडायचं नाही. पण एकदा शेपफाइल (नकाशाचा डेटा, अनेक फाइलींत विभागलेला) नेताना तिची डीबीएफ, म्हणजे नावं-माहितीची फाइल, मागे राहिली. लॅपटॉपवर वॉर्डांच्या सीमा दिसल्या, नावं सगळी गायब! शिवाय ताजी प्रत कोणती, हे शोधण्यातच निम्मा दिवस जायचा. जिओपॅकेज या फॉरमॅटमध्ये सगळं एकाच फाइलीत मावतं खरं, पण ती शेअर फोल्डरमध्ये ठेवून दोघांनी एकदम लिहायला घेतली की लॉकची कटकट. आत शेवटी एसक्यूलाइटच, एका वेळी एकालाच लिहू देणारा छोटा डेटाबेस.

सगळं पोस्टजीआयएस या नकाशांच्या डेटाबेसात सर्व्हरवर ठेवलं की प्रत एकच, आणि दोघं एकाच वेळी बदल करू शकतात. सेंटिनेल-२ उपग्रहांची १० मीटर रिझोल्यूशनची चित्रं मात्र शेकडो एमबींची. क्लाउड-ऑप्टिमाइज्ड जिओटिफ या प्रकारची चित्रफाइल असेल तर पाहायचा तेवढाच तुकडा उतरतो. तरी नेट रडत असेल तर झूम करावं आणि चहा टाकायला उठावं.

सध्या माझं वेक्टर (सीमा, रेषा) सर्व्हरवर, रास्टर (चित्रं) डिस्कवर. बॅकअप? रविवारी, आठवलं तर.