एक चाक जाम आणि २३,६५० रुपयांचा चुना

ब्रेकचे कॅलिपर (पॅड दाबून चाक धरणारे), मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की तेलाला प्रेशर देणारा), बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा) सगळं नवं टाकल्याचे पैसे गॅरेजवाल्याला मोजले आणि गाडीत जुनंच जसंच्या तसं. आकडा सांगायला लाज वाटते, तरी सांगतो: २३,६५० रुपये. दहा-पंधरा वर्षांपुढची गाडी असलेल्यांनी नीट वाचा. नव्या गाडीवाले वॉरंटीत कंपनीकडे जातात, असल्या गॅरेजवाल्यांचं हक्काचं गिऱ्हाईक आपणच.

गाडी २००८ सालची वॅगन आर, पुढे डिस्क ब्रेक (चाकाबरोबर फिरणारी तबकडी), मागे ड्रम ब्रेक. लक्षणं नेहमीचीच. गाडी डावीकडे ओढायची, न्यूट्रलवर ढकलली तर जागची हलायची नाही आणि जरा फिरून आलं की पुढच्या डाव्या चाकातून करपल्याचा वास. उजवं चाक थंडगार, मागची दोन्हीही थंड. तापायचं ते एकटं डावं. हे ‘एकटं’ लक्षात ठेवा.

गॅरेज काही टपरीछाप नव्हतं. गाडी उचलायची लिफ्ट, काचेची केबिन, भिंतीवर ऑइल कंपन्यांची सर्टिफिकेटं. आमच्या सोसायटीतल्या कितीतरी गाड्या तिथेच जातात. डोळे झाकून कुठेही गेलो नव्हतो, एवढंच म्हणायचंय.

मालकाने स्वतः गाडी जॅकवर घेतली. मला ब्रेक दाबून सोडायला लावला. चाक हाताने फिरेना. मग कॅलिपरची तेल सोडायची निपल छोट्या पान्याने ढिली केली, काळ्या तेलाची पिचकारी उडाली आणि चाक गरकन फिरलं. “बघितलंत ना सर? मास्टर सिलिंडर प्रेशर सोडत नाहीये. दोन्ही कॅलिपर जाम आहेत, बूस्टरपण गेलाय. काकूंना घेऊन घाटात जाणार असाल तर तुमची मर्जी.” हे बोलताना बघत होता केबिनमध्ये बसलेल्या माझ्या आईकडे.

इथे. नेमकं इथे समजायला हवं होतं. कॅलिपर जाम असता, म्हणजे पॅड ढकलणारा आतला पिस्टन गंजला असता किंवा सरकायच्या पिना सुकून अडकल्या असत्या, तर निपल सोडून चाक सुटलंच नसतं. ते सुटलं म्हणजे कॅलिपर धडधाकट, तेलाचं प्रेशर मागे फिरत नाहीये. म्हणजे कॅलिपर निर्दोष असल्याचा पुरावा त्याने स्वतःच्या हाताने मला दाखवला आणि पुढच्याच वाक्यात मला दोन कॅलिपर विकले! आणि मास्टर सिलिंडर म्हणाल तर तो बिघडून एकच चाक धरत नाही. अशा गाड्यांत ब्रेकच्या लाइनी तिरक्या जोडलेल्या असतात, पुढच्या डाव्याबरोबर मागचं उजवं. वरून अडलं असतं तर किमान दोन चाकं तापली असती.

मग उरला काय, तर लोखंडी पाइपातून कॅलिपरपर्यंत तेल नेणारा रबरी होज पाइप. जुना झाला की आतून फुगतो. पायाने दाबलेलं प्रेशर पुढे जाऊ देतो, परत येऊ देत नाही, आणि बाहेरून पाहाल तर ठणठणीत. ओळखायचा कसा? चाक जाम असताना आधी होज आणि लोखंडी पाइप यांच्या सांध्याचा नट ढिला करायचा. तिथे सोडून चाक सुटलं नाही आणि नंतर निपलवर सुटलं, की होजच. त्याने हे केलं नाही, कारण मग पाचशे रुपयांत विषय संपला असता.

आता म्हणाल, शिकलेला माणूस, विचारायला काय झालं होतं? अहो, ब्रेक म्हटल्यावर कोण घासाघीस करतं?

कागदावर असं लिहिलं होतं: दोन कॅलिपर ८,४००, मास्टर सिलिंडर ३,८५०, बूस्टर ६,९००, ब्रेक पॅड १,४००, ब्रेक ऑइल ६००, मजुरी २,५००. त्यातले १५,००० यूपीआयने आधी घेतले, उरलेले ८,६५० रोख. पक्कं बिल हवं तर १८ टक्के वर, म्हणजे ४,२५७. ते वाचत होते, वाचवले. कोण नाही वाचवत? जुने पार्ट मागितले तर म्हणे, “सकाळीच भंगारवाला घेऊन गेला.” पैसे देण्याआधी जुने पार्ट डिकीत ठेवून घ्या, नाही तर पैसे देऊच नका. नव्याचं एमआरपी छापलेलं खोकंही मागा.

पुढच्याच आठवड्यात साताऱ्याला जाताना खंबाटकी उतरलो आणि डाव्या चाकातून धूर. पेडल स्पंजासारखं खाली. (तापल्या डिस्कवर पाणी ओतू नका, वाकते किंवा तडकते. मी बाटली उघडली होती, आई ओरडली म्हणून थांबलो.) सुरूर फाट्याजवळच्या गॅरेजातल्या पोराने चाक खोललं आणि हसायलाच लागला. “काका, हा तुमचा जुनाच कॅलिपर आहे, वरून चंदेरी रंग मारलाय.” नखाने खरवडलं तर खाली गंज, आणि रंगाचे शिंतोडे पिस्टनवरच्या रबरी बुटावरसुद्धा (धूळ अडवणारं टोपण). मास्टर सिलिंडरच्या नटांवर कित्येक वर्षांची धूळ, पाना लागल्याची खूण नाही. तेल तेच काळं. नवं डॉट ३ ग्रेडचं ब्रेक तेल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषून जुनं झालं की १४०लाच उकळू शकतं. म्हणून तर पेडल गेलं. दर दोन वर्षांनी तेल बदला. नवे होते ते फक्त पॅड, तेही जळाले होते.

त्या पोराने दोन होज ९००, तेल २८०, मजुरी ५०० असे १,६८० घेतले. ब्रेकच्या लाइनीतली एअर काढली, जळके पॅड घासून तात्पुरते चालवले. गाडी परत कधी ओढली नाही.

आता सरकारी पाहुणचार ऐका. चौकीत म्हणाले, हा दिवाणी मामला, इथे नाही. आरटीओत म्हणाले, दुरुस्तीची गॅरेजं आमच्याकडे येत नाहीत. याच खात्याने जुन्या गाडीची पुन्हा नोंदणी करताना माझ्याकडून फी आणि पर्यावरण कर मोजून घेतला होता, तेव्हा गाडी बरोब्बर त्यांच्याकडे येत होती! जीएसटीच्या कार्यालयात म्हटलं, हा माणूस बिल देत नाही. तर साहेब म्हणतात, “बिल दाखवा.” अहो, बिल देत नाही हीच तर तक्रार आहे! ते असतं तर मी इथे कशाला मरायला आलो असतो? एका हेल्पलाइनने तक्रार नोंदवली, गॅरेजला ईमेल पाठवला, उत्तर आलं नाही म्हणून तक्रार निकाली काढली. निकाली! मला तसा मेसेजही आला, वर सेवेला किती स्टार देणार म्हणून विचारलं.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील सक्तीचा नाही, घटनेपासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. तिथेही कच्च्या कागदावर सही-शिक्का नाही, म्हणून हातात भक्कम पुरावा १५,००० च्या यूपीआयचाच. रोख कधीच देऊ नका. आणि गाडी टाकण्यापूर्वी प्रत्येक पार्टवर मार्करने खूण करून फोटो काढा, मेकॅनिकला राग आला तरी.

नोटीस गेल्यावर मालकाचा फोन आला, “सर, गैरसमज झालाय, ५,००० घ्या आणि मिटवा.” पॅडचे १,४०० सोडून २२,२५० टाक म्हणून सांगितलं. त्याने फोन ठेवला. पुढची तारीख पडली आहे.